आई घरीच असतील

ब्रूनोची यादी दीड पानाची होती. सकाळी सहाला फिरायला न्यायचं, सातला खायला द्यायचं, खाऊन झालं की लगेच इन्सुलिन. संध्याकाळी सातला पुन्हा तेच. भात नाही, बिस्कीट तर अजिबात नाही. झाडूला भितो, म्हणून झाडायचं असेल तर आधी त्याला मागच्या खोलीत घ्यायचं. पंख्याखाली झोपतो, पण कूलर लावला की उठून जातो. दुपारी टीव्ही चालू ठेवायचा, म्हणजे घरात माणसं आहेत असं त्याला वाटतं. डॉक्टरांचे दोन नंबर, त्यातला रात्री उचलतात तो कोणता तेही. आणि सगळ्यात खाली, गेटची किल्ली कुठे ठेवली आहे ते सांगून झाल्यावर, एक ओळ : 'आई घरीच असतील. त्यांचं त्या बघतात.'

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि स्कूटी काढली. बीड बायपासला लागेपर्यंत ती ओळ डोक्यात घोळत होती. घरात चांगलं जितंजागतं माणूस असताना, कुत्र्याला माणसं आहेत असं वाटावं म्हणून टीव्ही लावायचा? मग वाटलं, आपल्याला काय करायचंय. आपण कुत्र्याचे पैसे घेतोय.

हे काम मी लॉकडाऊननंतर सुरू केलं. २०२० साली घरात बसून कंटाळलेल्या कितीतरी कुटुंबांनी पिल्लं आणली, आणि ऑफिसं-शाळा सुरू झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हा प्राणी काही रविवारपुरता नसतो. माझ्या पत्रकावर बरंच काही आहे. मालक गावाला गेले की दिवसातून दोन-तीन फेऱ्या, रात्रीची सोबत हवी असेल तर त्यांच्याच घरी मुक्काम, नुसतं फिरवून आणणं, आंघोळ, नखं, डॉक्टरकडे ने-आण, औषधं, इंजेक्शन. छोटी कुत्री मी माझ्या घरीही ठेवून घेते, पण एका वेळी एकाच घरची. काम घेण्याआधी एकदा नुसती भेटायला जाते. कुत्र्याने मला हुंगायचं, मी त्याचं लसीचं पुस्तक बघायचं. रेबीजची तारीख उलटून गेलेली असेल तर मी गोड बोलून नाही म्हणते. तेवढ्यावरून दोन घरं माझ्यावर कायमची रुसलेली आहेत, रुसू देत.

आपल्या शहरात या कामाला एक जोडकाम आपोआप चिकटतं, ते म्हणजे नळ. संभाजीनगरकरांना यावर जास्त सांगायला नको. मालक केरळात असोत की काश्मिरात, पाण्याच्या दिवशी त्यांचा फोन येणारच : 'ताई, आज आपल्या गल्लीची पाळी आहे, तेवढी मोटर लावाल का?' कुत्र्याला अर्धा तास आणि हौद भरेपर्यंत दीड तास, असं माझं कितीदा झालंय. एकदा किल्ली हातात आली की मग तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, दूधवाल्याला नको म्हणून सांगणं, सगळंच येतं. सुरुवातीला मी याचे पैसे मागत नव्हते. आता मोटरचे मागते. दिव्याचे कसे मागणार?

मांजरांचं वेगळंच असतं. रोशन गेटकडच्या एका घरातली मंडळी उमराहला गेली तेव्हा दोन पर्शियन मांजरं माझ्या भरवशावर होती. पहिले दोन दिवस मला ती दिसलीच नाहीत. भांडं रिकामं झालेलं असायचं, घमेल्यात रेतीचे गोळे सापडायचे, त्यावरून ती घरात आहेत एवढं समजायचं. पण दोघांतलं कोण खातंय हे कळत नव्हतं आणि तीच खरी काळजी होती. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर आपण वाट बघू शकतो. मांजर उपाशी राहिलं, त्यातही लठ्ठ मांजर, की यकृतात चरबी साठायला लागते आणि प्रकरण हाताबाहेर जातं. म्हणून मी दोन भांडी दोन खोल्यांत ठेवली आणि फरशीवर बसून बोलत राहिले. मराठी कळत नसेल म्हणून 'आजा मा, आजा' असंही करून पाहिलं. शेवटी कपाटाच्या माथ्यावरून एक पांढरं शेपूट खाली आलं, ते माझ्यासाठी नव्हे, सुकटीच्या वासाने.

उन्हाळा म्हणजे धंद्याचा हंगाम आणि जिवाला घोर. लग्नसराई, सुट्ट्या, पारा बेचाळिसच्या वर. नऊनंतर मी कुणालाच रस्त्यावर नेत नाही. हाताची मागची बाजू डांबराला लावून सात म्हणेपर्यंत ठेवता आली तरच कुत्र्याचे पाय त्यावर टेकवायचे. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री तर सावलीतही धापा टाकतात. त्यांना धाप टाकूनच अंग थंड करायचं असतं आणि नेमकं तेच नीट जमत नाही. हिमालयापलीकडच्या थंडीतला हस्की आणून सिडकोत दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत आहे, पण ते माझे गिऱ्हाईक आहेत. लाइट गेली की त्यांचा एसी बंद होतो आणि पहिला फोन महावितरणला न जाता मला येतो.

आणि नाही म्हणावं लागतं तेही सांगते. एका आजोबांनी मोतीबिंदूसाठी पुण्याला जायचं म्हणून मिठू ठेवून घ्यायला विचारलं. पिंजरा घेऊन स्वतः आले होते, रिक्षाने. आपल्याकडचा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'अहो, हा आमच्या हिच्या वेळचा आहे.' मी ठेवून घेतला नाही. नियमाने बरोबरच झालं, तरी तो पिंजरा पुन्हा रिक्षात चढवताना मी दारात उभी होते, आणि नंतर फोन करून त्या पोपटाचं काय झालं ते विचारायचा धीर झाला नाही.

'कुत्र्याचं करायचे पैसे घेतेस?' हे मला पहिल्यांदा माझ्या नणंदेने विचारलं, भर हळदीकुंकवात. तिला कमी लेखायचं नव्हतं, तिला खरंच नवल वाटलं होतं. मलाही वाटायचं. माझं माहेर केज तालुक्यातलं. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडायचं, ते होळीनंतरच परतायचं. बैलं गाडीबरोबर जायची. मागे राहायची ती म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुत्री. आमच्या शेजारच्यांच्या शेळ्या आई अर्धलीने सांभाळायची, म्हणजे होणाऱ्या पिलांत निम्मा वाटा आमचा. तो व्यवहार चोख असायचा. गावची गुरं चारणाऱ्याला राखोळी मिळायची, ज्वारीत. जनावराचा हिशेब आमच्याकडे कुणी लाजत नव्हतं. मराठवाड्याने देवणी सांभाळली, लाल कंधारी सांभाळली, उस्मानाबादी शेळीवर घरं चालवली, ती काय फुकट? पण कुत्र्याचा हिशेब कुणी धरला नाही, आणि म्हाताऱ्याचाही नाही. शेजारचे तात्या आणि त्यांचा काळ्या, दोघंही माझ्या आईकडे जेवायचे. 'चार भाकरी जास्तीच्या थापल्या की झालं,' एवढंच ती म्हणायची. शेजारी परतले की तिला एखादं पातळ आणायचे, ते ती परत करायची. पैशाचं कुणी बोललं असतं तर तिने बोलणंच टाकलं असतं.

हे आठवून डोळे ओले करणं सोपं आहे. पण मी तेव्हा दहा-बारा वर्षांची होते आणि मला सगळं दिसत होतं. काळ्याचे कान गोचिडांनी भरलेले असायचे. त्याला भाकर मिळायची, औषध कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. तात्यांना जेवण मिळायचं, पण पायाची जखम चिघळली तेव्हा त्यांना अंबाजोगाईला न्यायचं कुणी, यावर चार दिवस नुसती चर्चा झाली. आई त्यांचं करायची आणि करता करता वैतागायचीही. तवा आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. शेजारधर्माने पोट भरतं. त्याच्या पुढचं कुणाच्याच नावावर नसतं, म्हणून राहून जातं. मी पैसे घेते म्हणून ब्रूनोची सुई सातच्या सात वाजताच होते. आईच्या मायेत घड्याळ नव्हतं.

तर ब्रूनो. दहा वर्षांचा लॅब्रॅडोर, तोंडाभोवती पांढरा झालेला, आणि त्याला मधुमेह. घरच्यांनी तिरुपती आणि पुढे रामेश्वर असा आठवड्याचा बेत केला होता. आजींचे गुडघे गेलेले, म्हणून त्या थांबल्या. त्यांना चला म्हटलं नव्हतं असं नाही, त्यांनीच नको म्हटलं होतं. मी गेले तेव्हा त्या दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या.

'कुत्र्याचं करायला आलीस व्हय? काय घेतीस?'

'एका फेरीचे अडीचशे, आजी. सुई असली की पन्नास जास्त.'

त्यांनी बोटांवर हिशेब केला, दोन वेळा केला, आणि म्हणाल्या, 'माय! आमचं मालक तहसीलीत हुते, त्यांनला महिन्याला एवढं भेटत नव्हतं.' मग ब्रूनोकडे बघून, 'ऐकलंस का रे बरण्या? तुजा भाव लागलाय.' ब्रूनो हे नाव त्यांच्या तोंडात बसलंच नव्हतं. तोही बरण्या म्हटल्यावर उठायचा आणि ब्रूनो म्हटल्यावर नुसती शेपटी हलवायचा.

इन्सुलिनचं काम मला आवडतं, हे विचित्र वाटेल. बाटली फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात ठेवायची, बर्फाजवळ तर मुळीच नाही. ती हलवायची नाही. दोन तळव्यांत धरून हलकेच फिरवायची, म्हणजे तळाशी बसलेलं पांढरं औषध सगळीकडे सारखं होतं आणि फेस येत नाही. एका मिलीत ४० युनिटची बाटली असेल तर लाल टोपणाचीच सिरिंज, १०० ची असेल तर केशरी टोपणाची. ही अदलाबदल झाली तर अडीच पटींचा फरक पडतो आणि जनावर जाऊ शकतं. म्हणून मी टोपण मोठ्याने बोलते, 'लाल', एकटी असले तरी. मग पाठीवरची सैल कातडी चिमटीत वर उचलायची, तंबू करायचा, आणि सुई त्याच्या पायथ्याशी. रोज जागा थोडी बदलायची. त्याने जेवण अर्धवट टाकलं असेल तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरला फोन. आमचे डॉक्टर परभणीला शिकलेले. ते म्हणतात, 'कॉलेजात आम्ही गाभण म्हशी तपासल्या, आणि इथे आता लॅब्रॅडोरची शुगर बघतोय.' म्हणतात हसून, पण बघतात नीट.

फ्रिजच्या दारावर ब्रूनोचा तक्ता होता. किती खाल्लं, किती युनिट, शी कशी, सू किती वेळा. दुसऱ्या दिवशीच आकडे बिघडले. तो पाण्याचं भांडं पुन्हा पुन्हा रिकामं करत होता, सकाळी दारापर्यंतही थांबला नाही. मी त्याचं तोंड उघडून पाहिलं तर मिशीला गुळाची पूड.

'आजी, तुम्ही ह्याला गूळ दिला?'

'वाईच. भाकरीला लावून. त्याचं तोंड अळणी पडलंय गं.'

'त्याला साखर आहे ना.'

'मलाबी हाय. मग मी काय मेले का?'

त्यावर मला काही सुचलं नाही. डॉक्टरांशी बोलून घेतलं, गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. आजी माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, एखादीने आपलं घर दुसऱ्याच्या हातात जाताना बघावं तसं. त्या डब्याशेजारीच मला त्यांच्या गोळ्यांची डबी दिसली. सात खणांची, प्लॅस्टिकची, प्रत्येक खणाला वेगळं झाकण आणि झाकणावर इंग्रजीत वाराचं अक्षर. घरची मंडळी गेली त्या दिवसापासूनचा एकही खण उघडलेला नव्हता.

'गोळ्या घेतल्या नाहीत?'

'सूनबाई काढून देती रोज. ते झाकण उघडत न्हाई मला.' त्यांनी हात पुढे केला. बोटांची पेरं सुजून वाकलेली. मी झाकणाला नख लावलं, ते माझ्याकडूनही पहिल्या झटक्यात निघालं नाही.

एवढंच होतं ते. ना कुणी टाकलं होतं, ना कुणी विसरलं होतं.

मी वहिनींना फोन लावला. त्या कुठल्या तरी रांगेत होत्या, मागे घंटा वाजत होत्या. आधी त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, 'अगं बाई... डबी मीच उघडते ना. चहा देताना. माझ्या लक्षातच आलं नाही.' आणि मला ते पटलं. ब्रूनोचं करताना त्या तक्ता भरतात, घड्याळ बघतात, डॉक्टरला विचारतात. ते काम आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते कागदावर उतरवता आलं. सासूबाईंचं त्या जाता-येता करतात, पोळी लाटता लाटता, डबा भरता भरता. झाकण उघडणं, चष्मा शोधून देणं, बाथरूमचा दिवा आधीच लावून ठेवणं. त्याचं काम झालेलंच नाही कधी. ते यादीत येणार कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ना ते निरोप, कुत्र्याला एसी आणि आईला वृद्धाश्रम, ते वाचणाऱ्यांनी एकदा या घरात येऊन वहिनींचा दिवस बघावा. नंतर रामेश्वरहून त्यांचे रोज दोन फोन यायचे, आणि दोन्ही मला नाही, आजींना.

मग मी उरलेले दिवस आले की आधी झाकण उघडायचे, मग ब्रूनोचं भांडं. चहा एकाऐवजी दोन कप टाकायचे, आजींचा बिनसाखरेचा. पहिल्या घोटाला त्यांनी तोंड असं केलं की ब्रूनो उठून उभा राहिला. दुपारचा टीव्ही मी यादीप्रमाणे लावून जायचे. 'त्याला लावलायस,' त्या म्हणायच्या, 'मी आपली फुकटात बघायले.' आणि फिरवून आणल्यावर मला विचारायच्या, शी केली का, कशी केली. एके संध्याकाळी मी पोहोचायच्या आधीच तक्त्यात 'सू' च्या खणात कोळशाने काढल्यासारख्या जाड चार रेघा होत्या. पेन्सिल नीट धरता येत नव्हती, पण मोजणी बरोबर असणार, कारण आजी दिवसभर दुसरं काही करत नव्हत्या.

घरची मंडळी आली, प्रसादाचा लाडू दिला, पैसे त्याच मिनिटाला आले. दोन दिवसांनी दादांचा मेसेज : 'ताई, दिवाळीत पुन्हा बाहेर जायचंय. ब्रूनोबरोबर आईंचंही बघाल का? रेट सांगा.'

कुत्र्याचा आकडा मला झोपेतही सांगता येतो. इथे बोट अडलं. दिवसभर बाई ठेवायची तर ब्युरो आहेत, त्यांचे बारा तासांचे दर आहेत, ते मी सांगू शकले असते. पण आजींना बाई नको होती. त्यांना एक झाकण उघडून हवं होतं आणि कुणीतरी एक कप चहा समोर बसून प्यायला हवा होता. त्याला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांचे पैसे लावले तर आजींना कळल्यावर त्या चहाला हात लावणार नाहीत. नाही लावले तर ते पुन्हा दिव्यासारखं, तुळशीसारखं, जमलं तर केलं असं होणार, आणि एखाद्या दिवशी, पाण्याची पाळी असेल, पाऊस असेल, माझ्याकडूनही राहून जाणार. तात्यांचा पाय मी पाहिलेला आहे.

मी लिहिलं : 'आईंचं वेगळं काही नाही. दिवाळीपासून ब्रूनोचा रेट पन्नासनं वाढतोय.' दादांनी अंगठा पाठवला. त्यांना समजलं की नाही, मला माहीत नाही. मी माझ्या वहीत मात्र ब्रूनोच्या नावाखाली दोन वेळा लिहून ठेवल्या आहेत, सहा पन्नास आणि सात, त्यातली पहिली झाकणाची.

रात्री आईशी बोलताना तिला हे सांगितलं. ती आता पंचाहत्तरीला आली, अजून गावातच असते. मला वाटलं, पैसे लावले म्हणून चिडेल. तिने सगळं ऐकून घेतलं, आजींचं गाव विचारलं, सून कशी आहे विचारलं, आणि मग म्हणाली, 'पन्नासच? म्हातारं माणूस हाय, अन् पन्नासात?'